ठोका आधी, शब्द मागून

रविवार, ता. ३ मार्च

प्रिय टकळीस,

ताईचे पोतंभर आशीर्वाद. आम्ही दोघी इथे ठीक आहोत. आईचा डावा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्या जोडीला आई कुरकुरते, म्हणजे नेहमीचंच. तुझ्या पिल्लाचे पुढचे दोन दात पडले म्हणे. पडू देत, पण ती बोलताना कुणी हसू नका. तुझ्या अहोंनाही सांग, त्यांना चेष्टेची फार हौस.

तुझं पुस्तक बुधवारी मिळालं. कुरिअरवाल्यानं ते खालच्या मजल्यावरच सोपवलं होतं, आईनं जाऊन आणलं, गुडघ्यासकट. वेष्टन तिनंच फाडलं आणि मागचा तुझा फोटो बघत बसली. तासभर मला हात लावू दिला नाही.

हातात आल्यावर मी आधी काय बघणार ते तुला ठाऊक आहे. पुस्तक उलटं धरलं, पाठ बघितली, मधोमध उघडून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. शिवलेलं नाही ग, नुसतं चिकटवलंय. चार हातांत फिरलं की पानं सुटायला लागतील. कागद जाड आहे पण चुकीच्या बाजूनं कापलाय, त्यामुळे उलटलेलं पान आडवं होत नाही, परत उभं राहतं. पुठ्ठा मात्र चांगला आहे, आणि तुझं नाव ठसठशीत आलंय. फोटोत तू छान दिसतेस, जरा थकलेली वाटतेस एवढंच.

आतून अजून नीट बघितलेलं नाही. कामाचा ढीग पडलाय. आठशे नोंदवह्या शिवून द्यायच्या आहेत आणि आमच्या बाइंडिंगच्या खात्यात धड हात चालणारी माणसं तीनच. कटिंग मशीनवर एक नवा माणूस आलाय, पस्तिशीचा असेल. हात सोन्याचा आहे, बोलतो कमी. माझ्या टेबलावर तुझं पुस्तक बघून त्यानं खुणेनंच मागितलं, तर काल त्याला वाचायला दिलं. तुला एक वाचक वाढला.

पुस्तकात ठेवलेली तुझी चिठ्ठी वाचली. शाळांच्या पुस्तकांच्या निवड समितीच्या बाईंचा फोन येणार हे कळलं. त्याबद्दल मागाहून लिहीन.

आई शेजारी बसून सांगतेय की लिही, ताईला पुस्तक फार आवडलं. लिहिलं.

तुझी,
ताई


शनिवार, ता. ९ मार्च

टकळे,

रविवारच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पुस्तक मी त्याआधीच वाचलं होतं. गुरुवारी जेवायच्या सुट्टीत, कागदांच्या रिमांमागे स्टुलावर बसून. डबा उघडलाच नाही. मला वाटलं चार दिवसांत राग उतरेल, मग शहाण्या बाईसारखं दोन ओळींत विचारीन. उतरला तर नाहीच, उलट चढलाय. तू लहानपणी म्हणायचीस, ताई कागदावर किती भांडकुदळ आहे. आहेच. तोंडानं माझी त-त-प-प होते, कागदावर होत नाही. तेव्हा आज निमूट ऐकून घे.

'माझी मुकी वर्षं.' पहिल्या प्रकरणाला काय नाव दिलंयस ग. तुझी मुकी वर्षं. तू पाळण्यात होतीस तेव्हासुद्धा शेजारचे येऊन विचारायचे की ही झोपते कधी. बाबांनी तुला टकळी म्हणायला सुरुवात केली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. आणि आता हजारो लोक वाचणार की तुला शब्द फुटत नव्हता, शाळेत तू उभी राहिलीस आणि दातखीळ बसली.

तो वर्ग माझा होता. इंग्रजीच्या बाई एकेकाला उभं करून वडील काय करतात ते इंग्रजीत विचारत होत्या. मी अकरा वर्षांची होते, तिसऱ्या बाकावर. माझ्या आधी सतरा मुलं होती आणि त्या सतराही मुलांच्या वेळी मी तोंडातल्या तोंडात एकच शब्द म्हणत होते, बुकबाइंडर. बाबांनी आदल्या दिवशीच सांगितला होता. माझी पाळी आली आणि 'बु'च्या पुढे गाडी जाईना. बु, बु, बु. मागून कुणीतरी कुत्र्यासारखं भुंकलं. मग सगळा वर्ग भुंकला. बाईसुद्धा हसल्या, तोंडावर हात ठेवून. तू खालच्या वर्गात होतीस, सहा वर्षांची. मला घरी न्यायला शिपायानं तुला बोलावून आणलं. तू माझं दप्तर घेतलंस, माझा हात धरलास, आणि घरी जाऊन आईला सगळं तूच सांगितलंस, भुंकण्यासकट. मला एक अक्षर बोलावं लागलं नाही.

तुझ्या पुस्तकात हे सगळं आहे. तिसरा बाक आहे, शिपाई आहे, बाईंचा तोंडावरचा हात आहे. फक्त उभी राहिलेली तू आहेस आणि दप्तर घेऊन हात धरणारी, गोड बोलणारी मोठी बहीण मी आहे. आपल्या जागांची तू अदलाबदल केलीस. मला किती मायाळू केलंयस त्यात. वाचणाऱ्या बायका माझ्यासाठी रडतील, आणि मी त्या पानावर कुठेच नाही.

तुला वाटत असेल, ताई नावासाठी भांडतेय. नावाचं मला काय करायचंय. मी पुस्तकं बांधते, माझं नाव कुठल्या पुस्तकावर आलंय आजवर. पण एवढी एकच गोष्ट माझी होती, टकळे. चांगली नव्हती, लाजेची होती, पण माझी होती. तीसुद्धा तू उचललीस. परक्यानं चोरलं असतं तर दार लावायला विसरले म्हणून स्वतःला बोल लावला असता. तू तर घरातलीच. केसानं गळा कापलास माझा.

आता बाबांचं.

त्या दिवशी मी शाळेतून परत येऊन कोपऱ्यात बसले, तेव्हा बाबांनी समजूत वगैरे काढली नाही. मला कारखान्यात घेऊन गेले. पुठ्ठ्याची एक लांब पट्टी घेतली, तिच्यावर इंग्रजीत बुकबाइंडर लिहिलं आणि मला विचारलं, यात तुकडे किती? मी दोन बोटं दाखवली. ते म्हणाले, तीन. सुरीनं पट्टीचे तीन तुकडे केले. बुक, बाइंड आणि अर. दोन शब्द आणि एक शेपूट. शेपूट म्हणजे ते काम करणारा माणूस. मग तिन्ही तुकडे माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, यातला जड कुठला?

त्यांचं इंग्रजी बेताचं, पण कारखान्यात डिक्शनऱ्या बांधायला यायच्या. त्यातल्या खुणा ते बघत असायचे. बुकच्या आधी वर एक बारीक उभी दांडी, बाइंडच्या आधी खाली तशीच एक, आणि अरला काहीच नाही. बाबांनी त्याचा अर्थ आपल्या धंद्याप्रमाणे लावला. आपल्याकडे कागदाचा गठ्ठा कापायच्या आधी टेबलावर ठोकतात, पानं सारखी होतात, मग सुरी. ठोकताना कुणी कापत नाही. तर बाबा म्हणाले, दांडी शब्दाच्या आधी उभी आहे बघ, म्हणजे ठोका आधी. वरची दांडी मोठा ठोका, खालची दांडी हलका. ठोकायचं, श्वास सोडायचा, हात ढिला करायचा, आणि शब्द आपला आपण येऊ द्यायचा. आठ दिवस ते रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसले. नवव्या दिवशी मी बुकबाइंडर म्हटलं. तू टेबलाखाली कात्रणांत खेळत होतीस.

म्हणजे तू होतीस तिथे, हे मी नाकारत नाही. पण तू खालून बघितलंस, टकळे.

बाबांच्या रीतीचं चौथं प्रकरण मी नीट वाचलंच नव्हतं, हे आधी कबूल करते. रागानं अक्षरं दिसत नव्हती, आणि मला वाटलं, रीत तर मला पाठ आहे, ती काय वाचायची. तसंच ते पुस्तक मी कटिंगवाल्याला दिलं. तोही माझ्यासारखाच आहे. पहिल्या दिवशीच ओळखलं होतं मी, आमच्यातल्यांना कळतं. त्यानं ते तीन दिवस घरी नेऊन वाचलं.

आमच्याकडे एक नियम आहे, तुला आठवत असेल. सुरी खाली आणायच्या आधी कटिंगवाल्यानं माप मोठ्यानं सांगायचं, समोरच्यानं ते परत म्हणायचं, मगच मशीन चालू. हा गडी आला तेव्हापासून माप पाटीवर लिहून दाखवायचा. फोरमन चालवून घेत होता, कारण काम चोख. बुधवारी त्यानं पाटी बाजूला ठेवली. तुझं पुस्तक वाचून त्याला हुरूप आला होता. त्यानं मूठ उगारली, टेबलावर आपटली आणि त्याच क्षणी माप सांगायला तोंड उघडलं. मूठ तिथंच राहिली आणि जबडाही तिथंच राहिला. मान ताठ, डोळे बाहेर, घशातून नुसता घरघर आवाज. समोरच्याला वाटलं झटका आला, तो पाणी आणायला धावला. सगळं खातं बघत उभं. संध्याकाळी फोरमननं त्याला मशीनवरून काढलं आणि खळ लावायला बसवलं, नवशिक्यांमध्ये. बारा वर्षं कटिंग केलेला माणूस.

गुरुवारी मी त्याच्याकडून पुस्तक मागून घेतलं आणि पान एक्केचाळीस वाचलं. ठोका आणि जड अक्षर एकाच क्षणी आलं पाहिजे, असं तू लिहिलंयस. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंयस की माझ्या फारसं न शिकलेल्या वडिलांनी शब्दकोशातली खूण चुकीची वाचली होती, मी पुढे अभ्यास करून ती दुरुस्त केली.

दुरुस्त केलीस. बरं. कॉलेजात तुला शिकवलं असेल की त्या दांडीचा अर्थ पुढच्या अक्षरावर जोर द्या. असेलही तसाच अर्थ, तू शिकलेली, मी कोण सांगणार. पण बाबांना अक्षर शिकवायचं नव्हतं, मुलीचं तोंड उघडायचं होतं. मूठ आवळून आपटताना शब्द काढायला गेलं की मुठीबरोबर घसाही आवळतो. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. ज्याचा घसा कधी आवळला आहे त्याला एका दिवसात कळतं. तुला पंधरा वर्षं अडखळणाऱ्या मुलांच्या शिकवण्या घेऊन कळलं नाही, कारण तुझा कधी आवळलाच नाही. तुझी चोरी ओळखायला मला पुरावा शोधावा लागला नाही. तूच छापून दिलास, जाड कागदावर.

त्या माणसाला मी सुट्टीत बसवलं आणि बाबांची रीत दाखवली. माझं तोंड बघून त्याला आधी कळेना, ही काय शिकवणार. मग मी त्याच्यासमोर अडखळले. मुद्दाम नाही, नेहमीसारखीच. तेव्हा त्यानं खुर्ची पुढे ओढली. अजून त्याला मशीन परत मिळालेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी आईला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, समितीच्या बाईंचा मला गेल्याच आठवड्यात फोन आला होता, मी हो म्हटलं. धाकटी अडखळायची, मोठी सांभाळायची, असं सांगितलं. मी भाजीचं ताट तिच्यापुढून ओढलं. तेव्हा ती म्हणाली, "एवढं काय झालं? तूच तर जन्मभर कुणाला कळू देत नाहीस. तुझं झाकलेलंच राहिलं आणि तिचं भलं झालं."

ते मला फार लागलं, कारण त्यात खरं आहे. मी झाकलं. दुकानात मी बोट दाखवायची आणि तू बोलायचीस. डॉक्टरांकडे पोट माझं दुखायचं आणि कुठं दुखतं ते तू सांगायचीस. दोनदा फोरमन व्हायला विचारलं तेव्हा नाही म्हटलं, कारण फोरमनला ओरडावं लागतं. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा सगळे म्हणाले ताई किती रडतेय. मी निम्मी तुझ्यासाठी रडत होते आणि निम्मी या काळजीनं की आता माझ्या वतीनं बोलणार कोण. तू माझं तोंड होतीस. म्हणून तुला वाटलं असेल, ते तुझंच आहे.

आता तुझी चिठ्ठी. समितीचा नियम आहे की अनुभवावरचं पुस्तक शाळांसाठी घ्यायचं तर घरातल्या दोघांशी बोलायचं. एक आई झाली, दुसरी मी. फोन गुरुवारी अकराला. तू लिहिलंयस, "बाई माझ्याबद्दल विचारतील, ती लहानपणी अडखळायची का म्हणून. तू फक्त हो म्हण. एकच शब्द आहे, ताई."

एकच शब्द. हे तू कुणाला लिहितेयस ते लिहिताना एकदा तरी मनात आलं का?

मला तुझा तमाशा करायचा नाही. पुस्तकावर नाव तुझंच राहू दे, लिहिण्याची मेहनत तुझी आहे. पण हे पुस्तक आता शाळाशाळांत जाणार आणि तिथं माझ्यासारखी, त्या माणसासारखी मुलं मुठी आपटत बसणार. म्हणून बाईंना गुरुवारच्या आत तूच फोन कर. पान एक्केचाळीस बदलते म्हणून सांग, आणि तिसऱ्या बाकावर कोण उभं होतं तेही सांग. तू सांगितलंस तर मला त्यांच्याशी बोलावंच लागणार नाही. मी वाट बघते.

ताई


गुरुवार, ता. १४ मार्च

सौ. धाकटीस,

पत्र नाही, चार ओळी नाहीत. मंगळवारी आईच्या मोबाइलवर तुझा फोन आला. आईनं तो माझ्या कानाला लावला आणि तू वीस मिनिटं बोललीस. तुझी चूक झाली, म्हणालीस, पण मुद्दाम नाही. प्रकाशकाला आपबीती हवी होती, बहिणबीती नको. आता छापून झालंय. पान पुढच्या आवृत्तीत बघू. तुझ्या अहोंनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. पिल्लाच्या शाळेतसुद्धा माहीत आहे. तुला शिकवण्या कशा मिळतात हे मला कारखान्यात बसून काय कळणार. मग तू रडलीस. तू रडलीस की मी विरघळते हे तुला पाठ आहे.

मी बोलायला लागले. मला म्हणायचं होतं, हे मी करणार नाही. 'ह' वर अडले. एक ठोका, दुसरा ठोका, येतच होता शब्द. तेवढ्यात तू म्हणालीस, "हो ना ग? मला माहीत होतं, ताई, तू हो म्हणशील." आणि फोन ठेवलास.

लहानपणी तू माझे शब्द पुरवायचीस तेव्हा मला हायसं वाटायचं. मंगळवारी पहिल्यांदा कळलं की तू मला काय म्हणायचंय ते कधीच ऐकत नव्हतीस. तुला जे हवं ते घालून मोकळी व्हायचीस. कितीदा असं झालं असेल ते आता मोजायलाही नको वाटतं.

आज अकराला फोन आला. मी कारखान्याच्या ऑफिसात जाऊन बसले होते, मॅनेजरनं खुर्ची दिली आणि दार ओढून घेतलं. तुला खरं सांगते, खुर्चीत बसेपर्यंत माझं नक्की नव्हतं. हो म्हणायची माझी तयारी होती. पान एक्केचाळीस बरोबर असतं तर मी आज तुझ्यासाठी खोटं बोलले असते आणि उरलेला जन्म मूग गिळून बसले असते. तू माझी जागा घेतलीस तेवढ्यावर माझं तोंड उघडलं नसतं, टकळे. बाबांची रीत मोडलीस आणि मोडून बाबांनाच अडाणी ठरवलंस, तिथं मला थांबता येईना.

बाईंचा आवाज वयस्क होता. त्यांनी आधी आईच्या तब्येतीचं विचारलं, मग तुझं कौतुक केलं. मग विचारलं, तुमची बहीण लहानपणी अडखळत बोलायची का?

मी ठोकलं. काही नाही. परत ठोकलं. त्या हॅलो हॅलो करायला लागल्या, लाइन गेली असं त्यांना वाटलं. मग मी मूठ उघडली, हात टेबलावर नुसता पसरून ठेवला आणि श्वास सोडला.

"नाही," मी म्हटलं. "ती मी."

एवढं म्हणायला किती वेळ लागला ते भिंतीवरच्या घड्याळात मी बघितलं नाही.  बाई म्हणाल्या, तुम्हाला लिहून पाठवायचं असेल तर पाठवा, काही घाई नाही. चांगल्या मनानंच म्हणाल्या. सोपं होतं ग ते. कागदावर मी त्यांना असं खणखणीत लिहिलं असतं की पाच मिनिटांत काम झालं असतं. पण लिहिलेलं कुणीही लिहू शकतं, हे आता मला चांगलंच कळलंय. मी म्हटलं, बोलते.

आणि बोलले. तिसरा बाक सांगितला. डिक्शनरीतली दांडी, गठ्ठा ठोकणं, तीन तुकडे, सगळं सांगितलं. बुकबाइंडर म्हणताना चारदा अडखळले, तर बाई म्हणाल्या, सावकाश, मी लिहून घेतेय. कटिंगवाल्याचं सांगितलं, त्याचं नाव न घेता. पान एक्केचाळीस वाचून मुलं मुठी आपटायला लागू नयेत एवढंच माझं म्हणणं आहे, असं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं की बहिणीबद्दल तुमची तक्रार नोंदवू का. मी नाही म्हटलं. तो शब्द मात्र पटकन आला, नवल आहे.

पुस्तकाचा निर्णय त्यांनी थांबवलाय. सोमवारी तुला बोलावणार आहेत आणि माझं बोलणं तुला वाचून दाखवणार आहेत. तेव्हा तू काय सांगायचंस ते मी सांगणार नाही. तुला बोलता येतं.

बाहेर आले तर सगळं खातं आपापल्या कामात असल्यासारखं दाखवत होतं. ऑफिसचं दार पातळ आहे. फोरमन कधी नव्हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला, कटिंगवाल्याला सोमवारपासून मशीनवर घेऊन बघू, माप सांगायला वेळ लागला तर लागू दे. बाकीचे खाली मान घालून नोंदवह्या शिवत राहिले. मलाही कुणी काही विचारायला नकोच होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुझी पाठ राखायची तिची जुनी खोड आहे, ती आता जायची नाही. जेवण झाल्यावर माझं ताट तिनं उचललं, पण चेहरा तसाच. काय करायचं ते करू दे. घरात न बोलणारी आता ती आहे.

तू म्हणशील ताईनं मला तोंडघशी पाडलं. पाडलं. रात्रंदिवस खपून लिहिलेलं पुस्तक अडलं, लोकांत शोभा होणार, पिल्लाच्या शाळेत कुजबुज होणार, हे सगळं मला कळतं आणि त्याचं वाईटही वाटतं. तुला लागावं म्हणून मी बोलले नाही. पण लागेल म्हणून गप्पही बसले नाही, आणि असं माझ्या हातून पहिल्यांदाच झालंय. मी तुला माफ केलेलं नाही. होईल की नाही ते मला आज माहीत नाही, उगाच शब्द देत नाही.

एवढं मात्र सांगते. यापुढे माझ्या वतीनं कुठं बोलू नकोस. डॉक्टरांशी नाही, नातेवाइकांशी नाही, आईशीसुद्धा नाही. आणि या पत्राला पत्रानं उत्तर नको. जे काय म्हणायचंय ते फोन करून म्हण, माझ्या नंबरवर, मी उचलीन. तुझं सगळं ऐकून घेईन. मग मी बोलेन, आणि मला लागेल तेवढा वेळ लागेल. तेवढा वेळ तू थांबायचंस.

मध्ये एकही शब्द पुरवू नकोस.

ताई